मालाड पूर्वेला हायवेलगत व्यापारी संकुल : नोकऱ्या हव्यात, पण रस्त्याचं काय?

पठाणवाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, जरा मत हवंय. आमच्याकडे पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्व अंगाला एका बंद कारखान्याची जागा कैक वर्षं पत्रे ठोकून पडून होती. तिथे आता खाली दुकानं, खाद्यगृहं आणि वर ऑफिसं असं संकुल येतंय म्हणे. आकडा ऐकीव आहे, पण साधारण ४० हजार चौरस मीटर बांधकाम धरून चला. कुरार मेट्रो स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. बिल्डरचं नाव इथे नको, उगाच धागा उडायचा.

सोसायटीच्या सभेत यावरून सरळ दोन तट पडले. एक गट म्हणतो, पोरांना जवळ नोकऱ्या मिळतील, घरांचे भाव वाढतील, पत्र्यामागचा उकिरडा एकदाचा जाईल. दुसरा म्हणतो, संध्याकाळी सातला आत्ताच सर्व्हिस रोडवर रिक्षा जागची हलत नाही, त्यात हे आलं तर घरी पोचायचं कसं? मी दुसऱ्या गटाकडे झुकलोय, पण पहिल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शेवटी 'हरकत नोंदवायची' एवढं ठरलं. कुठे, कशावर, कोणत्या मुद्द्यावर, ते कुणालाच सांगता येईना. इथल्या जाणकारांनी बोलावं.

तर्रीबाज

आला का हायवेचा धागा! शंभरी नक्की. चहा घेऊन बसतो.

कुरारची_पोर

काका, राग मानू नका, पण ट्रॅफिकची पहिली काळजी गाडीवाल्यांना असते. मी एका मॉलमध्ये बिलिंगला आहे. त्याआधी लोअर परळला होते. सकाळी रिक्षाच्या रांगेत उभं राहून मालाड स्टेशन, मग लेडीज डब्यात जागा मिळेल ती, आणि उतरल्यावर पुलावर मुंगीच्या पावलांनी. आता घरापासून बसने जाते. पगार थोडा कमी आहे, पण तिकीट, बाहेरचं खाणं आणि गेलेले तास धरले तर हातात जास्त उरतं. आईला दवाखान्यात नेऊन मग ड्युटीला जाता येतं.

आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुली अशा कामाला तयार आहेत. घरचे लांब पाठवत नाहीत, जवळ असेल तर पाठवतात. हरकत घ्यायला जाल तेव्हा हेही लिहा.

द्रुतगती_दत्तू

ताईंना +१. आणि गाडीवाला म्हणून सांगतो, गाडीवाल्यालाही जवळचं ऑफिस परवडतंच. सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे अंधेरी, बीकेसी, वरळी. बोरिवली-मालाडला ऑफिसं आली तर दहिसर, मीरा रोडचा माणूस मालाडलाच उतरेल, पुढचा रस्ता तेवढा मोकळा. नोकऱ्या उत्तरेला न्या असं आपण वर्षानुवर्षं म्हणतोय ना? मग आल्या की का रडायचं?

शिवाय पैशाचं बघा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकेची जकात गेली. जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. मग रस्ते, नाले, दवाखाने चालायचे कशावर? मालमत्ता कर व्यापारी इमारतच भरणार, जास्तीच्या एफएसआयचं (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) अधिमूल्यही तिथूनच येणार. बंद कारखाना काय देतो? डास.

गिरणगावातला

'नोकऱ्या आल्या, मग रस्त्याचं बघू' हा प्रयोग आमच्याकडे करून झालाय, म्हणून दोन शब्द.

१९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमात गिरण्यांच्या जमिनीची विभागणी होती. ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरियांची समिती नेमली, सगळ्या गिरण्यांचा एकत्रित विचार व्हावा म्हणून. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायचं ठरलं. शेडखालची जमीन त्यातून सुटली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ते अडवलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम केला. मग प्रत्येक गिरणीने आपापल्या कुंपणाआत काचेच्या इमारती उभ्या केल्या. कुंपणाबाहेर गल्ल्या त्याच, पूल तेच, स्टेशनं तीच.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली. चेंगराचेंगरीची तात्कालिक कारणं असतील ती असोत, पण गिरणी कामगारांच्या काळातला तो जिना हजारो ऑफिसवाल्यांचं ओझं वाहत होता हे कुणी नाकारू नये. पुढे जुलै २०१८ मध्ये लोअर परळचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. तेवढी वर्षं परिसरातल्या ऑफिसांनी कर भरला असेलच की. त्या पैशातून पूल लवकर झाला का?

दत्तूभाऊ, कर सगळ्या शहराच्या तिजोरीत जातो, रांग मात्र आमच्या दारात लागते. माझा वाद नोकऱ्यांशी नाही, या हिशेबाशी आहे.

द्रुतगती_दत्तू

गिरणगावाची गोष्ट वेगळी हो. तिथे अरुंद गल्ल्या. इथे एवढा मोठा हायवे समोर आहे.

नकाशेवाले_नाना

दत्तूराव, 'एवढा मोठा हायवे समोर आहे' इथेच गाडं अडतं. निवृत्त माणूस आहे, आयुष्य नकाशे तपासण्यात गेलं. वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सध्याच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये ३३(१९) हा नियम आहे. व्यापारी वापरासाठी अधिमूल्य भरून जास्तीचा एफएसआय मिळतो आणि तो समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. १२ मीटरचा रस्ता असेल तर ३ पर्यंत, १८ मीटरला ४, आणि २७ मीटर किंवा अधिक असेल तर ५. तत्त्व चांगलं आहे, रुंद रस्ता जास्त वाहनं झेलतो. पण महामार्गावर तुमचं फाटक थेट उघडत नाही, उघडूही नये. ते उघडतं सर्व्हिस रोडवर. उंची ठरते महामार्गाच्या तोलाने आणि भार पडतो शेजारच्या दोन लेनवर. म्हणून पठाणवाडीकर, सगळ्यात आधी प्रस्तावाच्या नकाशावर रस्त्याची रुंदी कोणती धरली आहे आणि प्रत्यक्ष फाटक कुठे दाखवलंय, ते बघा.

आता भार किती ते. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९९० चं १०६ क्रमांकाचं मार्गदर्शक आहे. दुकानं, फाटकं आणि उभ्या गाड्या असलेल्या दोन लेनच्या एकेरी रस्त्याची क्षमता त्यात तासाला १४०० पीसीयू धरली आहे. पीसीयू म्हणजे सगळ्या वाहनांचं मोटारीत केलेलं रूपांतर. मोटार १, पण रिक्षांचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की एक रिक्षा २ धरतात, कारण ती कुठेही थांबते, कुठूनही वळते.

समजा ४० हजार चौ. मी. सगळं ऑफिसच आहे. पार्किंगचा जुना ठोकताळा असा की पहिल्या १५०० चौ. मी.ला दर ३७.५ मागे एक गाडी, पुढे दर ७५ मागे एक. ४० अधिक ५१३, म्हणजे साडेपाचशे गाड्या. माणसं? दहा चौरस मीटरला एक धरला तर चार हजार. म्हणजे बहुतेक लोक गाडीने येणारच नाहीत. त्यातल्या पाचव्या हिश्श्याने जरी मालाड-गोरेगाव स्टेशनसाठी रिक्षा धरली, एका रिक्षात दोघे, आणि निम्मे संध्याकाळच्या एका तासात सुटले, तर २०० रिक्षा, म्हणजे ४०० पीसीयू. निम्म्या मोटारी त्याच तासात निघाल्या तर आणखी २७५. मिळून पावणेसातशे. दुचाक्या, टेम्पो, डिलिव्हरीवाले यात नाहीत. म्हणजे एका इमारतीने सर्व्हिस रोडची जवळपास निम्मी क्षमता खाल्ली, आणि तो रस्ता आज रिकामा नाही.

यातली मेख अशी की रिक्षांचा भार मोटारींपेक्षा जास्त निघतो. तरी तुमची सभा आणि आमची जुनी कचेरी, दोन्हीकडे चर्चा फक्त पार्किंगची. साडेपाचशे गाड्या तळघरात बसल्या की सगळे खूश. रिक्षा कुठे थांबणार हे नकाशावर दाखवलेलं असतं का ते पाहा.

तर्रीबाज

नाना, दंडवत. चहा गार झाला.

पठाणवाडीकर

नाना, डोळे उघडले. एक शंका. फाटक पूर्वेच्या सर्व्हिस रोडवर, म्हणजे बाहेर पडलेली गाडी दक्षिणेकडेच जाणार ना? उत्तरेकडची लेन तर पलीकडे.

नकाशेवाले_नाना

बरोबर पकडलंत. संध्याकाळी कांदिवली-बोरिवलीला जाणारा आधी उलट्या दिशेला दिंडोशीच्या चौकापर्यंत येणार, वळसा घेणार आणि मग उत्तरेला लागणार. एकच गाडी त्याच चौकाचा सिग्नल जास्तीचा खाते. दत्तूरावांचा मुद्दा सकाळी खरा आहे, दहिसरचा माणूस मालाडला उतरला तर पुढे जागा होते. संध्याकाळी मात्र तोच माणूस भर गर्दीच्या दिशेने परततो, तोही वळसा घालून. ऑफिस असेल तर हे असं. खाली मॉल असेल तर शनिवार-रविवारची संध्याकाळ वेगळी मोजावी लागते. 'व्यापारी' म्हटलं की सगळं एका मापाने मोजायचं नसतं. मला विचाराल तर वर ऑफिसं चालतील, खाली चार मजले मॉल नको.

मीरारोडची_माई

गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होतोय की. तो झाला की दिंडोशी मोकळी होईल ना?

गिरणगावातला

माई, १२.२ किलोमीटरचा तो रस्ता, डोंगराखालून जुळे बोगदे, सगळं उत्तम. पण त्याचं पश्चिमेचं टोक दिंडोशीच्याच परिसरात महामार्गाला मिळतं. आज मुलुंडला जायला जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) धरणारे उद्या तिथे येतील. जेव्हीएलआर सुटेल, दिंडोशी कशी सुटेल? आणि रस्ता सुटला की लोक नव्याने गाड्या काढतात, हेही आलंच.

द्रुतगती_दत्तू

तुम्ही लोक काहीच होऊ देणार नाही. रस्ता केला तरी तक्रार, नोकरी आणली तरी तक्रार. मग ऑफिसं ठाण्याला आणि नवी मुंबईला गेली की 'मुंबईचं महत्त्व कमी केलं' म्हणून पुन्हा धागा काढाल.

कुरारची_पोर

नानांचं वाचून मला वाटतंय की रांगेत मीसुद्धा अडकणार. माझी बस त्याच सर्व्हिस रोडने येते. पण म्हणून ऑफिसं नको असं मी म्हणणार नाही. रिक्षा कमी करायच्या तर मेट्रोतून सरळ आत जाता येईल असा पूल द्या ना. कुरार स्टेशन आहे, लोक उतरून पायी जातील. आत्ता जिन्याने खाली उतरायचं, मग टपऱ्या आणि उभ्या बाइक यांच्यातून वाट काढायची. त्यापेक्षा रिक्षा बरी वाटते, विशेषतः पावसात.

नकाशेवाले_नाना

पोरीने माझ्या लांबड्या प्रतिसादापेक्षा कामाचं सांगितलं. मेट्रोची सात नंबरची मार्गिका एप्रिल २०२२ मध्ये अंशतः आणि जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण, गुंदवलीपर्यंत सुरू झाली. महामार्गाच्या डोक्यावरून जाणारी एवढी सोय असताना तिच्या जिन्यापासून इमारतीपर्यंतचे दोनशे-तीनशे मीटर कुणाच्याच खात्यात नसतात. रिक्षा घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक पायी आले तर माझ्या हिशेबातले २०० पीसीयू एका फटक्यात जातात. बीकेसी डोळ्यांसमोर ठेवा. १९७७ पासून एमएमआरडीए नियोजन करतेय, रस्ते प्रशस्त, तरी संध्याकाळी कोंडी, कारण वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही स्टेशनं दूर आणि मधला प्रवास रिक्षाचा. भुयारी मेट्रो तिथे पोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. आधी ऑफिसं, मग चाळीसेक वर्षांनी मेट्रो. इथे मेट्रो आधीच आहे, तर जोडपूल पहिल्या दिवसापासून का नको?

सहज_सुचलं

पार्किंग कमी द्यायला लावा की. जागा असली की माणूस गाडी आणतोच.

नकाशेवाले_नाना

तत्त्वतः मान्य. पण बाहेर फुकट उभी करता येत असेल तर आतलं कमी करून उपयोग नाही, गाड्या सर्व्हिस रोडवर येतील. जुन्या नियमावलीत ३३(२४) खाली सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्याला जादा एफएसआय दिला. तळ झाले, गाड्या बाहेरच्या बाहेर. शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेला वाहनतळाच्या आसपास बेकायदा उभ्या गाड्यांना पाच हजारांपासून पुढे दंड लावावा लागला. तेव्हा पार्किंगला मर्यादा आणि बाहेर कडक अंमल, दोन्ही एकत्र मागा.

पठाणवाडीकर

आता मूळ प्रश्न. हे सगळं सांगायचं कुणाला? हरकत कुठे द्यायची?

नकाशेवाले_नाना

इथे तुमची निराशा होणार. जमिनीचं आरक्षण किंवा विकास आराखडा बदलायचा असेल तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि महिनाभरात हरकती-सूचना मागवतात. नियमात बसणारी इमारत असेल तर अशी नोटीसच नाही.

दुसरं दार पर्यावरण मंजुरीचं. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौ. मी. च्या वरच्या बांधकामाला ती लागते, म्हणजे तुमच्या संकुलाला लागणार. पण त्याच अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय. खाणीला सुनावणी आहे, सिमेंटच्या कारखान्याला आहे, तुमच्या दारातल्या ऑफिस-मॉलला नाही. मला हे कधीच पटलं नाही, आणि आत असतानाही मी ते बोलत असे.

तरी कागद मिळतात. पर्यावरण मंजुरीच्या 'परिवेश' संकेतस्थळावर अर्जाचे दस्तऐवज असतात. इमारतींसाठीच्या फॉर्ममध्ये आजूबाजूच्या रस्त्यांवर वाहतुकीचा काय परिणाम होईल, असा प्रश्नच आहे. बिल्डरने त्यावर काय उत्तर दिलंय ते काढा. वाहनगणना केली असेल तर कोणत्या दिवशी, किती वाजता? मे महिन्याच्या सुट्टीत मोजली असेल तर ते आधी सांगा, कारण तेव्हा शाळाही बंद आणि अर्धी मुंबई गावाला. ही मंजुरी तपासणाऱ्या राज्याच्या समितीला लेखी निवेदन देता येतं. सुनावणी नाही म्हणजे पत्र घेत नाहीत असं नव्हे. सोबत विभाग कार्यालय आणि वाहतूक पोलिसांना प्रत. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहेच.

मंजुरी मिळाल्यावर लोक झोपतात, ती चूक करू नका. प्रकल्पाला मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, १ जूनला आणि १ डिसेंबरला. तो मागून घेत राहायचा. आणि निवेदनात 'प्रकल्प रद्द करा' लिहू नका, ते पहिल्याच टेबलावर बाजूला पडतं. जोडपूल, कुंपणाच्या आत रिक्षा थांबा आणि टेम्पोची जागा, फाटकाआधी गाड्यांना रांग लावायला आतली लांबी, आणि हे सगळं उभं राहिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायचा दाखला) नाही, एवढं मागा. भोगवटा अडला की भाडं अडतं. बिल्डरला ती एकच भाषा लवकर कळते.

द्रुतगती_दत्तू

भोगवट्याला अट बांधायची, हे मला चालेल. काम होतं, पैसाही येतो. पण एफएसआयचं अधिमूल्य त्याच वॉर्डात खर्च करा असंही टाका. गिरणगाववाल्यांचा तेवढा मुद्दा मानला.

गिरणगावातला

मानलात तर लिहून द्या, सहीसकट. :)

पठाणवाडीकर, एक सूचना. निवेदनावर फक्त सोसायट्यांच्या सह्या नकोत. रिक्षा युनियन, मागच्या वस्तीतली मंडळं, शाळेचे पालक, सगळे घ्या. नाहीतर 'चार फ्लॅटवाल्यांना विकास नको' असं म्हणून मोकळे होतील.

पठाणवाडीकर

घेतो. रविवारी रिक्षा स्टँडवर जाऊन बोलतो. नानांचे मुद्दे घेऊन मसुदा लिहायला बसलोय. मॉलच्या मजल्यांबद्दल सोसायटीत अजून एकमत नाही, त्यामुळे तेवढा भाग सध्या कोरा ठेवतोय.

कुरारची_पोर

अजून एक टाका. कामगारांचं फाटक नेहमी मागच्या गल्लीत काढतात, जिथून कचऱ्याची गाडी आणि मालाचे टेम्पो जातात. दुकान बंद करून, हिशेब देऊन निघायला रात्रीचे साडेदहा होतात. जोडपुलाचं दार आमच्यासाठी पण तेवढ्या वेळेपर्यंत उघडं राहायला हवं, फक्त गिऱ्हाइकांसाठी नको.

पठाणवाडीकर

टाकलं. पुलाच्या मुद्द्याखालीच. मसुदा उद्या रात्री इथे चिकटवतो, चुका काढा.